सोलांजच्या लग्नाची वाइन

सोलांज पेर्नेचं लग्न झालेलं नाही हे फ्रान्समधल्या ज्युराच्या डोंगरउतारावरच्या तिच्या गावाला ठाऊक असणं साहजिक होतं. पण ते अँटवर्पच्या, मिलानच्या आणि ओसाकाच्या माणसांनाही ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ रेमी वाइन चाखत देश पालथा घालणाऱ्या प्रवाशांना आठवड्यातून तीनदा तळघरात नेई, आणि पिंपांच्या रांगा संपल्या की भिंतीतल्या एका जाळीच्या कोनाड्यापुढे उभा राहून ही गोष्ट जाहीर करी.

"आणि ही आमच्या मादमाझेलची वाइन," तो म्हणे. "साल एकावन्न. दोघी एकाच वर्षाच्या. दोघींनाही अजून कुणी हात लावलेला नाही."

माणसं हसत. मग वळून बघत, कारण मादमाझेल मागेच उभी असे, चीज आणि अक्रोडांचं तबक घेऊन.

पेर्ने घरातली रीत अशी होती, की मूल जन्मलं की त्या सालच्या पिवळ्या वाइनच्या तीस बाटल्या त्याच्या नावाने वेगळ्या काढायच्या. पिवळी वाइन सहा वर्षं तीन महिने पिंपात पडून राहते. तिला कुणी हलवत नाही, उडून जाते तेवढी भरूनही काढत नाही, वर सायीसारखा पापुद्रा धरतो. मग ती आखूड, रुंद खांद्यांच्या बाटल्यांत भरतात आणि पुढे शंभर वर्षं तिला मरण नसतं. या बाटल्या ज्याच्या त्याने आपल्या लग्नाच्या दिवशी स्वतःच्या हाताने उघडायच्या. लग्न झालंच नाही तर त्याच्या अंत्ययात्रेला उघडायच्या, शवपेटी उचलणाऱ्यांसाठी.

"म्हणजे वाया काही जात नाही," रेमी म्हणे. "तुमच्यात कुणी एकटे गृहस्थ आहेत का? दात स्वतःचे असतील तर उत्तम, नसतील तरी चालवून घेऊ."

ही गंमत एकोणीस वर्षं चालली.

सोलांज बिचारी होती असं मात्र कुणी समजू नये. तिच्या जिभेला गाव टरकून होतं. देवाने तुला त्याच्या सेवेसाठी राखून ठेवलं असेल, असं पाद्रीबाबा एकदा म्हणाले, तेव्हा ती म्हणाली होती, "त्याला भांडी घासायला बाई हवी होती तर सरळ जाहिरात द्यायची." भावजय मिरेय घरात आली त्या पहिल्याच रविवारी सोलांजने तिच्या सुपाची चव घेतली. "छान आहे हं," ती म्हणाली. "आजाऱ्याला पाणी बाधतं तेव्हा हे देता येईल." लोक तिला बोचकारत, ती लोकांना. या हिशेबात तिला काही वावगं वाटत नसे. फक्त कोनाड्यापुढे तिला उत्तर सुचत नसे, कारण तिथे रेमी जे बोले ते खरं होतं.

एकदा एक जण आला होता. चौऱ्याहत्तर साली. ओबाँ नावाचा शाळामास्तर, खालच्या सपाट मुलखातला. तिच्या वडिलांनी, आन्सेल्मनी, त्याला टेबलाशी बसवून पिवळीचा ग्लास पुढे ठेवला. पिवळीला अक्रोडाचा वास येतो, मेथीचा येतो, जुन्या कपाटाचा येतो. सवय नसलेल्या माणसाला ती पहिल्या घोटाला नको होते. मास्तरचं तोंड वाकडं झालं आणि त्याने पाणी मागितलं. "बघा, बघा," आन्सेल्म म्हणाले, "बाळाला एरंडेल पाजलं!" टेबलाभोवती हशा उठला. सगळ्यांत मोठ्याने सोलांज हसली. ती तेविसाची होती, वडिलांची लाडकी होती, आणि तो चेहरा खरोखरच हसण्याजोगा होता. मास्तरने तोंड पुसलं, टोपी घेतली आणि पुढल्या वर्षी लों-ल-सोनियेच्या औषधवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. मग आईने मरायला अकरा वर्षं घेतली, वडिलांनी नऊ. दोघांचं करून सोलांज मोकळी झाली तेव्हा त्रेचाळिसाची होती. दरम्यान रेमीच्या बाटल्या त्याच्या लग्नात एका दुपारीत संपल्या होत्या. ग्लास सोलांजने विसळले होते.

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात, द्राक्षतोडणी उरकल्यावर, जेवताना रेमी म्हणाला, "नोव्हेंबरअखेर तू पासष्टची होशील. त्या दिवशी कोनाडा उघडायचा. एवढी जुनी वाइन घोटभर मिळाली तर लोक जपानहून रांग लावतील."

"ती माझी आहे."

"लग्न कर, तुझीच आहे. मी कुठे नाही म्हणतोय? चांगला महिनाभर आहे हातात."

"आणि अंत्ययात्रेचं म्हणत असशील," मिरेय पाव तोडत म्हणाली, "तर तू आम्हा दोघांना पुरून मग जाणार. तोवर बुचं कुजतील."

सोलांजने टेबल आवरलं. नवरा तिला आता नको होता. नवरे तिने गावात भरपूर पाहिले होते. तिला एवढंच हवं होतं, की रेमीने ती वाइन गावभर वाटण्याआधी ती कुणाची आहे हे जाणणाऱ्या एका माणसाने ती प्यावी, आणि ती तिची आहे म्हणून प्यावी. एका माणसाने, एक ग्लास. हे ती कुणाला सांगणार होती?

त्याच आठवड्यात लीवेन आला. गेंटचा, कालव्यांच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, सडपातळ, स्वच्छ माणूस. राहण्याजोगी गाडी घेऊन तो एकटाच फ्रान्सचे वाइनचे मुलूख एकामागून एक करत निघाला होता. शँपेन झालं, अल्सास झालं, बुर्गोन्य झालं. गाडीत आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला होता, आणि झालेला मुलूख तो शाळकरी पोरासारखा रंगीत पेन्सिलीने भरून टाकी.

कोनाड्यापुढची गंमत ऐकून बाकीचे हसले. लीवेन हसला नाही. खरं म्हणजे तो त्या वेळी वहीत काहीतरी लिहीत होता. पण सोलांजने पाहिलं ते एवढंच, की हा माणूस हसला नाही.

त्याच दुपारी त्याच्या गाडीचा क्लच गेला. सुटा भाग बझांसोंहून यायचा होता. गाडी ढकलत पेर्नेंच्या अंगणात आणली आणि ती तिथे नऊ दिवस उभी राहिली. लीवेन सकाळी स्वयंपाकघरात येऊन बसे, अक्रोड फोडू लागे. तो सोलांजला मादमाझेल, म्हणजे कुमारी, म्हणत नसे, लग्न झालेल्या बाईसारखं मॅडम म्हणे. बायको जाऊन चार वर्षं झाली, असं त्याने सांगितलं. "एकट्याने चाखण्यात काही अर्थ नाही, मॅडम," तो एकदा म्हणाला, अगदी सहज, पुढचा अक्रोड उचलता उचलता. सोलांज ते वाक्य तीन दिवस मनात घोळवत होती. क्लचची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. तिलाही होती. पण तिच्या मनात तो केव्हाच क्लचसाठी थांबायचा बंद झाला होता.

सातव्या दिवशी तिने ओठांना रंग लावला.

"कुठला गं हा रंग?" मिरेयने विचारलं. "फाटकाला लावून उरला होता तो?"

"तुझ्या लग्नातला," सोलांज म्हणाली. "तुला शोभला नव्हता, म्हणून उरला."

नवव्या दिवशी सकाळी अकराला रेमी आणि मिरेय बाजाराला गेले होते. सोलांजने वडिलांच्या खणातून किल्ली काढली, तळघरात गेली, आणि एक बाटली छातीशी धरून वर आली. टेबलावर इस्त्री केलेला कपडा होता, दोन ग्लास होते. लीवेन अक्रोड फोडत होता.

"ही कुठली ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

तो उठून उभा राहिला. "एकावन्न," तो म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, खरंच? पण ही तर तुमची..."

"हो. म्हणूनच."

तिने स्वतःच्या हाताने बुचावरची लाख कापली, स्वतःच्या हाताने बूच काढलं. ते अख्खं निघालं. रंग जुन्या पितळेसारखा होता. तिने दोन्ही ग्लास भरले आणि आपला तसाच ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

त्याने ग्लास खिडकीसमोर धरला, फिरवला, नाक आत घालून डोळे मिटले. एक मिनिट तरी तसाच उभा होता. मग त्याने घोट घेतला, ओठांतून हवा आत ओढली, घोट दोन्ही गालांत घोळवला, छताकडे पाहिलं. आणि मग तो इकडेतिकडे बघू लागला. तो तळघरात असते तशी बादली शोधत होता. स्वयंपाकघरात बादली कशी असेल? म्हणून तो दोन पावलं गेला, मोरीवर वाकला आणि बटाट्याच्या सालींवर थुंकला.

चार तळघरं एका दिवसात करणारा माणूस चव घेऊन थुंकतोच, नाहीतर दुसऱ्याच तळघरात झिंगेल. त्यात अपमान नसतो, आणि हे सोलांजइतकं कुणाला कळत नव्हतं.

"विलक्षण," लीवेन वही काढत म्हणाला. "नाकाला अप्रतिम. घोटाच्या मध्यावर जरा थकलेली. पण वयाच्या मानाने..." त्याने विचार केला. "शंभरात एक्याण्णव. नाही, नव्वद."

"गिळली का नाहीत?"

"मी?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "सकाळी गॅरेजवाला आला होता ना, क्लच मिळालाय. दुपारी निघायचंय, गाडी चालवायची आहे. आता पुढचा मुलूख, सावॉय." मग अदबीने त्याने विचारलं, "बूच ठेवून घेऊ का? आठवण म्हणून."

तिने बूच दिलं. तीन वाजता गाडी गेली.

रेमी परतला तेव्हा बाटली टेबलावर होती. "अगं!" तो ओरडला. "उघडलीस? मग नवरा कुठाय?"

"थुंकला आणि गेला," सोलांज म्हणाली.

हे तिने सांगायला नको होतं. पण ती थकली होती, आणि खोटं सुचायला थोडी तरी ताकद लागते. रेमी इतका हसला की त्याला खुर्ची धरून खाली बसावं लागलं. त्याने मिरेयला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. "कुठे थुंकला? मोरीत?" मिरेयने विचारलं आणि एप्रन तोंडावर धरला. शेवटी डोळे पुसत रेमी म्हणाला, "आता रीत म्हणजे रीत, सोलांज. स्वतःच्या हाताने पहिली उघडलीस, म्हणजे लग्न लागलं. उरलेल्या पाहुण्यांच्या."

दुसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडहून दातांच्या डॉक्टरांची बस आली. चोवीस माणसं. रेमीने सोलांजला कोनाड्यापुढे उभं केलं आणि गोष्ट नव्या शेवटासह सांगितली. गेल्या एकोणीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं इतकी ती माणसं हसली. दोघांनी फोटो काढले. मग प्रत्येकाला बोटभर ओतत सोलांज रांगेने फिरली आणि एकेक तोंड बघत गेली. त्यांना अजून तीन तळघरं करायची होती. तेवीस जण बादलीत थुंकले, नेम धरून, सफाईने. दुसऱ्यांना थुंकायला लावणं हा त्यांचा धंदाच. चोविसावी कुणाची तरी म्हातारी आई होती. थुंकायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिने गिळली आणि तोंड कसनुसं केलं. "आंबली की हो ही," ती म्हणाली. "साखर आहे का थोडी?"

बस गेल्यावर रेमी खुशीत होता. "झकास उभी राहिलीस. गुरुवारी डच येतायत."

"गुरुवारपासून मी सांगणार."

"काय सांगणार?"

"गोष्ट. तुला ती सांगता येत नाही. लोक हसण्याआधीच तू हसतोस."

त्याला ही नवी गंमत वाटली. त्याने होकार दिला.

याला आता सात वर्षं झाली. एकावन्नच्या बाटल्या पहिल्याच नाताळापर्यंत संपल्या. तेव्हापासून सोलांज त्याच आकाराच्या बाटल्यांतून आठ-दहा वर्षांची साधी पिवळी ओतते. आजवर एकाही जाणकाराने शंका घेतलेली नाही. उलट एकाने मध्यावर थोडी थकलेली आहे असंही सांगितलं. ती प्रत्येक गटातून साठीच्या पुढचा एक पुरुष निवडते. बायको बरोबर असेल तर जास्तच बरा. त्याला कोनाड्यापुढे उभा करते, गोष्ट सांगते, शाळामास्तरपासून मोरीपर्यंत, काही न गाळता, चेहरा न हलवता. मग बोटभर नाही, ग्लास काठोकाठ भरते. बादली तिच्या मागे असते आणि तिच्यावर झाकण असतं. माणूस घोट घेतो, घोळवतो, आणि त्याचे डोळे बादली शोधू लागतात. तेव्हा तळघरात कुणी हसत नाही. सोलांज वाट बघते. तिला घाई नसते.

"गिळा, मसिये," ती म्हणते.

गेल्या वसंतात लीलचा एक निवृत्त पोस्टमास्तर तिच्या वाट्याला आला. हातात टोपी, मान बारीक, माणूस गरीब. त्याने तोंडात घोट घेतला आणि त्याची बायको पुढे झाली. "त्यांना मनाई आहे हो. पोटाचं ऑपरेशन झालंय जानेवारीत. ते फक्त चव घेतात."

"माझ्या लग्नाला नेमके आजारी लोकच येतात, मॅडम," सोलांज म्हणाली. "घाबरू नका. नवरा परत देते मी. आजवर एकही ठेवून घेतला नाही."

मागे कुणीतरी खिंकाळलं आणि गप्प झालं. पोस्टमास्तरचे गाल फुगलेले होते. त्याने बायकोकडे पाहिलं, झाकलेल्या बादलीकडे पाहिलं, आणि मग समोरच्या बाहत्तर वर्षांच्या बाईकडे, जी त्याच्यावरून नजर काढत नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने गिळलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, आणि ती सोलांजने नीट पाहिली.

"पुरे आता, सोलांज," रेमी जिन्यावरून हलक्या आवाजात म्हणाला. अलीकडे तो तळघरात पुरता उतरत नसे.

सोलांजने पोस्टमास्तरचा ग्लास पुन्हा भरला.