न तपासलेली माती

चूक माझीच होती, हे आधी लिहितो. भुतंखेतं, परग्रहावरची माणसं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत तर अजिबात नाही.

राजारामपुरीतल्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये मी माती तपासायचं काम करतो. आमच्याकडे एक वाईट सवय आहे – शेतं शेजारशेजारची असली की एकाचा रिपोर्ट दुसऱ्यालाही लावून द्यायचा. सहसा काही बिघडत नाही... म्हणून मीही तेच करायचो.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ आले. साधे कपडे, बोलणं आपल्यासारखंच. पिशवीत करडी माती.

"कुठलं गाव, पावणं?" मी विचारलं.

"गाव राहिलं न्हाय," म्हातारे म्हणाले. "नवी जागा शोधतोय. हजारभर माणसं हायेत, वाटेत थांबलीत."

मला वाटलं, धरणग्रस्त असतील.

"पाच जागा बघून झाल्या," बाई म्हणाली. "कुठं पाणी न्हाय, कुठं श्वास घेता येत न्हाय."

"साखर कारखान्याच्या मागं गेलतासा काय?" माझा सहकारी रफिक म्हणाला. ती दोघं हसली नाहीत.

"ह्यात पीक येतंय काय, एवढं लिहून द्या," बाई म्हणाली. "तुमचा कागद बघून सगळी तिथं उतरणार."

जेवायची वेळ झाली होती. माती कुठली, हेही मी विचारलं नाही. नेसरीच्या एका शेतकऱ्याचा सकाळचा रिपोर्ट नाव बदलून छापला – 'सर्व पिकांस योग्य'. म्हाताऱ्यांनी तो कागद कपाळाला लावला.

उरलेली माती टेबलावर राहिली. संध्याकाळी रफिकनं तिच्यावर पाणी ओतलं. मुरेचना, काचेवर राहावं तसं वरच थांबलं. त्यानं मेथीचे चार दाणे टाकले. सकाळी दाण्यांची करडी भुकटी झाली होती.

"दादा, ही माती न्हाय," तो म्हणाला.

त्या दोघांचा पत्ता नव्हता, नंबर नव्हता. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला लॅबचा फोन वाजला. तीच बाई. मागे लहान मुलांचा गलका.

"साहेब, निम्मी माणसं उतरली. बी टाकलंय. किती दिवसांनी उगवतंय?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "पाणी देत राहा... येईल."

पलीकडून काहीच नाही. गलका मात्र चालूच, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. रफिक म्हणाला, "चंद्रावर बसलीया काय ही?" भिंतीवरच्या घड्याळात सोळा मिनिटं गेली, आणि मग उत्तर आलं... जणू मी आत्ताच बोललो होतो.

"पाणी मुरत न्हाय, साहेब. जी पोरं अनवाणी खेळली, त्यांचे पाय करडे पडलेत. धुतलं तरी जात न्हाय. बाकीची बी उतराय लागलीत."

रफिकनं पुन्हा घड्याळाकडे बघितलं. पृथ्वीवरून कुठूनही फोन आला तरी उत्तराला सोळा मिनिटं लागत नाहीत, एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं.

ती माणसं कोण, कुठल्या जगावर उतरली, फोन कसा लागला, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. त्या दिवशी मी पुढे बोललो ते तिच्यापर्यंत पोचलं का, हेही माहीत नाही. सोळा मिनिटं थांबलो, मग अंधार पडेपर्यंत थांबलो. मुलांचा आवाज हळूहळू कमी होत गेला, मग नुसती खरखर राहिली.

मी बोललो ते एवढंच – "ताई, तो रिपोर्ट तुमच्या मातीचा नव्हता. मी ती तपासलीच नव्हती, आणि मघाशीही खोटं बोललो. उरलेल्यांना उतरू देऊ नका. पोरांना उचला आणि निघा. माझी चूक आहे. मला माफ करा."