पट्टीवरचं लाल पाऊल

देवरावजी मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी चुकीच्या फाटकातून आत शिरले म्हणून. सावनेरहून आले होते, गांधीबागेतल्या एका कापड दुकानात काम मागायला. त्याआधी तीन कामं सोडली होती. ती का सोडली हे सांगत बसले तर हा गौरव अंक पुरणार नाही. फाटकाच्या आत कपाटांचा कारखाना होता आणि राउटरचा, म्हणजे लाकडात भोकं पाडायच्या यंत्राचा, आवाज येत होता. खाली जातो, वर येतो, थांबतो. कपाटातल्या फळ्या ज्या पिनांवर टेकतात, त्या पिनांची भोकं देवरावजी पाडत होते.

"काय पाहून राहिली वं?"

"इतकी सारखी कशी येतात जी?"

"पट्टीचं काम आहे ते. हात निस्ता सोबत जाते."

त्यांनी पट्टी दाखवली. तिला सारख्या अंतरावर मोठी भोकं होती. राउटरच्या तळाचं कडं त्या भोकात बसलं की यंत्र बाजूला हलूच शकत नाही. कापड दुकान राहून गेलं ते गेलंच.

आता देवरावजींना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. लेखाच्या शेवटी 'त्यांना विश्रांती लाभो' असं लिहावं, अशी मला सूचना आहे. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो. म्हणून समारंभात शाल-श्रीफळ द्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून राउटर काढून घ्यायचा, असा कारखान्याच्या मालकांचा बेत आहे. मी तसं लिहिणार नाही.

मी कामावर नवी होते तेव्हाची गोष्ट. कोराडीच्या एका वाचनालयासाठी आम्ही सहा कपाटं करत होतो. सगळ्या बाजूंना भोकं मी पाडली. त्या पट्टीचं पहिलं भोक एका टोकापासून जवळ आणि दुसऱ्या टोकापासून लांब होतं. मी प्रत्येक कपाटाची डावी बाजू बरोबर पाडली आणि उजवीकडे पट्टी उलटी धरली. फळी ठेवली तर एका अंगाला कलायची आणि डुगडुगायची. कपाटं न्यायला गाडी दुपारी यायची होती.

मालक म्हणाले, "पिनेवर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा न. पुस्तकं ठेवल्यावर कोणाले दिसते?"

"पुठ्ठा दबते, मालक," देवरावजी म्हणाले. "मंग फळी पुन्हा डुलते. गाडी परत पाठवा."

"मंग या पोरीले आधी काढा!"

"काहून? खालचं टोक कोणतं, हे मी पट्टीवर लिहिलं नव्हतं. चूक माझी आहे."

मालक तणतणत निघून गेले. मी मान वर करेना, तर देवरावजी म्हणाले, "रडून नको राहू वं. प्लाय आण. सहाही उजव्या बाजू तूच पाडशील." आणि लाल रंगाचा डबा उघडून त्यांनी पट्टीच्या खालच्या टोकावर एक पाऊल काढलं. पाऊल जमिनीकडे ठेवायचं. आज आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक पट्टीवर ते आहे.

मधेच मी दोनदा निघूनही गेले होते, नुसतं भटकायला. परत आले तेव्हा माझा एप्रन खुंटीवर तसाच होता. देवरावजींनी एवढंच विचारलं, "कुठं कुठं फिरली, सांग."

तर हाताची गोष्ट. मागच्या आठवड्यात मालक समोर उभे होते. देवरावजींनी राउटर उचलला. हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. कडं पट्टीच्या भोकात बसलं आणि यंत्र निश्चल झालं. दोन्ही बाजू झाल्या, कपाट उभं राहिलं. फळी मालकांनी स्वतः ठेवली, चारही कोपरे दाबून पाहिले. फळी हलली नाही.

"तरी साठ झाले न जी तुम्हाले," मालक म्हणाले.

"मले झाले. पट्टीले नाही."

मालकांचा बेत अजून बदललेला नाही. म्हणून इथं, सर्वांसमोर सांगते: शाल द्या, श्रीफळ द्या, टाळ्याही वाजवा, पण त्यांच्या हातातला राउटर काढून घ्यायचा असेल, तर आधी त्यांनी केलेली एक तरी फळी डुलवून दाखवा.

वाचकहो, हा अंक ज्या कपाटात ठेवाल, त्याच्या फळीचा कोपरा एकदा दाबून पाहा. डुगडुगली तर कपाट आमच्याकडे आणा. देवरावजी शंभर वर्षं ठणठणीत राहोत आणि त्या प्रत्येक वर्षी ते कारखान्यातच सापडोत.