आठ बायका, सात आवाज

परवा शनिवारी दुपारी पंचफुलाकाकू आमच्याकडे आल्या आणि त्यांनी चक्क माझी माफी मागितली. तेव्हापासून मला स्वतःचीच इतकी लाज वाटतेय की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही...

वर्ध्याजवळ पिपरी मेघेत आमच्या कॉलनीत बायकांचं भजन मंडळ आहे. आम्ही आठ जणी. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, दोघी-तिघी शिक्षिका, बाकी घरीच असतात. सगळ्यात मोठ्या पंचफुलाकाकू. कॉलनीच्या मागे त्यांचं वावर आहे, पालक-मेथी लावतात.

मध्यंतरी मला टीव्हीवरच्या एका डॉक्युमेंटरी सिरीजचं वेड लागलं होतं. गाणी रेकॉर्ड करणाऱ्या म्युझिक प्रोड्यूसर लोकांवरची. एकेक आवाज वेगळा घ्यायचा, मग सगळे जोडायचे, कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे ठेवायचं... भाजी गॅसवर ठेवून मी टीव्हीसमोर बसायचे आणि भाजी खाली लागायची. चार भाग पाहून झाले आणि मला वाटायला लागलं, यात काय एवढं? आपल्यालाही जमेल!

मंडळात जाहीर करून टाकलं की आपलं भजन रेकॉर्ड करायचं, मंदिरात सकाळी स्पीकरवर लावायचं. एक माइक मागवला, लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. बेडरूमच्या दाराखिडक्यांवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि एकेकीला आत बसवून, कानात हेडफोनवर पेटी-तबला देऊन गायला लावलं. वर्ध्याचं ऊन... बाहेर येणारी प्रत्येक जण घामानं निथळत होती. काकूंनी मात्र तक्रार केली नाही. मंदिरात गातात तशाच डोळे मिटून, एक हात वर करून गायल्या.

आता खरं सांगते. काकूंचा आवाज खणखणीत आहे, पण सुरात नाही. आठ जणी मिळून गातो तेव्हा खपून जातं. लॅपटॉपवर ऐकताना मात्र मला दर ओळीला खटकायला लागलं. सिरीजमध्ये एक प्रोड्यूसर तयार गाण्यातून एक आवाज काढून टाकतो आणि गाणं एकदम मोकळं होतं, ते आठवलं. मी काकूंचा आवाज म्यूट केला.

आणि खरंच छान वाटायला लागलं हो! कुणालाही न सांगता मी फाइल मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. "आमच्या म्युझिक डायरेक्टर" वगैरे कौतुक झालं... मी दोन दिवस हवेत होते.

त्यानंतर आठवडाभरानं काकू दारात. पाणी घेईपर्यंतही थांबल्या नाहीत.

"सुनीता, रागावू नोको बाई. त्या भजनात माहा आवाज कुठीच नाई येऊन राह्यला. आर्वीले दिलेल्या पोरीले पाठवलं, ते बी म्हणे, आई, तू कोठी हायेस यात? मंदिरात या साऱ्याजणी म्हणे, काकू माइकले भेल्या. भेलीच असन मी... दबून गायली असन. तू येवढी मेहनत घेतली अन् माह्यामुळं अधुरं राह्यलं."

आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, काकू, मोबाइलचा स्पीकर लहान असतो, त्यात नीट येत नाही. पुन्हा खोटं! काकूंचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, भजन मंदिरात पहिल्यांदा लागणार होतं. "मंग उद्या मंदिरात मोठ्या स्पीकरवर येईन न?" असं विचारून त्या गेल्या... मला चहाही गोड लागला नाही.

तासाभरानं मी सिरीजचा तोच भाग पुन्हा लावला. तो प्रोड्यूसर आवाज काढून टाकतो, बरोबर. पण मग गायकाला बोलावतो, समोर बसवून दोन्ही गाणी ऐकवतो आणि त्याला विचारतो, ठेवू की नको. हे मी आधीही पाहिलं होतं. सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

संध्याकाळी काकूंच्या घरी गेले. त्या अंगणात पालकाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की काकू, तुमचा आवाज मीच काढला, सूर हलतो म्हणून. त्यांचे हात थांबले.

"मंजे... मी दबून नोती गायली?"

"नाही काकू. सगळ्यात मोठा आवाज तुमचाच होता."

मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सुराचं मले मालूम हाय, बाई. सांगितलं असतं तं मी नुसते टाळ वाजवले असते. पण आठ दिवस मोबाइल कानाले लावून मी त्यात मलेच ढुंढून राह्यली होती न..."

मी खाली बसले आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी एक जुडी बांधून बाजूला ठेवली, मग दुसरी घेतली. "लाव मंग उद्या," एवढंच म्हणाल्या.

काल सकाळी मंदिरात आठ जणींचं भजन लागलं. सूर जिथे हलतो तिथे हलतोच. काकू स्पीकरखाली उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

काकू फेसबुकवर नाहीत. पण त्यांना चिडवणाऱ्या मंडळातल्या सगळ्याजणी इथे आहेत, म्हणून हे इथे लिहिलं. काकू माइकला घाबरल्या नव्हत्या. त्या पूर्ण गायल्या होत्या... आवाज मी काढला होता.