शेवाळवाले वसंत सर

वसंत सर कुणाच्याही घरात शिरले की वहाणा काढायच्या आधी पिशवीतून वजनकाटा काढायचे. काचेचा, चपटा, शहरातल्या बाथरूममध्ये असतो तसला. आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या घरांच्या जमिनी एक तर शेणानं सारवलेल्या, नाही तर उंचसखल फरशीच्या. तिथं तो काटा डुगडुगायचा, म्हणून सर पाट मागायचे. पाट मांडून त्यावर काटा ठेवला की घरातली बाई सवयीनं पदर डोक्यावर घ्यायची, वाकून त्याला नमस्कार करायची आणि मग वर चढायची. सरांनी एकीलाही कधी अडवलं नाही. उलट तेही शेजारी हात जोडून उभे राहायचे. आकडा आला की जिभेनं चुकचुकायचे आणि म्हणायचे, "आमी काय बोलत न्हाई. काटा बोलतो."

सर म्हणण्यासारखं या माणसानं आयुष्यात काही केलं नव्हतं. तो उत्रोलीचा. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढं होता, आणि नापास होत होत माझ्याच वर्गात येऊन बसला होता. पुढं त्यानं सागवानाची रोपं विकली, कमरेला बांधायचे चुंबकाचे पट्टे विकले, तांब्याच्या बाटल्या विकल्या. प्रत्येक धंद्यात तो नव्या उत्साहानं शिरायचा आणि गिऱ्हाईक शहाणं झालं की बाहेर पडायचा. शेवाळाच्या धंद्यात मात्र त्याला कुणीतरी पुण्यातल्या हॉटेलात बोलावून गळ्यात पट्टा घातला, टाळ्या वाजवल्या आणि 'सर' केलं. तेव्हापासून त्याची बायकोसुद्धा त्याला सर म्हणायला लागली.

माझं भोरला एसटी स्टँडजवळ मेडिकलचं दुकान आहे. त्यामुळे कुणी म्हणेल, हा धंद्यातल्या जळफळाटापोटी बोलतोय. म्हणू दे. थोडा जळफळाट होताच. मी दिवसभर गल्ल्यामागं उभा राहून डॉक्टरांचं अक्षर लावत बसायचो, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर हा इस्त्रीच्या शर्टात बसून एका डबीवर सहा रोग बरे करायचा. डबीवर निळा समुद्र आणि एक परदेशी बाई. आत हिरवट काळी पूड भरलेल्या कॅप्सूल. समुद्री शेवाळ म्हणे. खाल्लं की चरबी विरघळते, भूक मरते, सांधे मोकळे होतात. सरांनी समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत, एकदाच, आणि तोही ओहोटीचा. पण बोलणं असं, की जणू दर्यात बुडी मारून स्वतः खुडून आणलंय. "मासा बघा, मासा. पोट सुटल्याला मासा कुनी बघितलाय का?" हा त्यांचा ठेवणीतला सवाल. कुणी उत्तर द्यायच्या आत ते पुढची डबी उघडायचे.

वेल्ह्याच्या बाजारात मात्र त्यांना एकदा उत्तर मिळालं. वरच्या वाडीवरचा एक म्हातारा धनगर त्यांचं सगळं भाषण काठीवर हनुवटी टेकून ऐकत उभा होता. शेवटी त्यानं विचारलं, "आमच्या टाक्यात लई शेवाळ हाय. म्हशी रोज त्यातलंच पानी पित्यात. त्या का न्हाई वाळल्या?" सर म्हणाले, ते गोडं शेवाळ, हे खारं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि मग टाक्यात मीठ टाकून बघतो म्हणाला. बाजार हसला. सरही हसले, कारण लाज ही वस्तू त्यांनी कधी विकायला ठेवली नव्हती आणि स्वतःसाठीही राखली नव्हती.

आता त्यांची खरी करामत सांगतो, म्हणजे माझा राग समजेल. सर आपला तीन महिन्यांचा कोर्स नेमका ज्येष्ठात सुरू करायचे. पहिलं वजन भाताची रोपं तरव्यात, म्हणजे वाफ्यात, असताना, आणि शेवटचं आवणी, म्हणजे लावणी, उरकल्यावर. ज्यानं एकदा तरी भात लावलाय त्याला पुढचं सांगायला नको. पोटरीभर चिखलात, डोक्यावर इरलं घेऊन, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कमरेत वाकायचं आणि दुपारी बांधावर बसून गार भाकरी खायची. त्या दिवसांत आमच्याकडची बाई दर वर्षी वाळते. तिची आई वाळायची, आजी वाळायची. त्यांना कुणी डबी दिली नव्हती. आवणी संपली की सर पाट मागायचे, काट्यावरचा आकडा उतरलेला असायचा, आणि आयत्या बिळावर हा नागोबा फणा काढून बसायचा. टाळ्या डबीला, आणि चिखल बाईला.

मी हे सगळं टपरीवरच्या गप्पांसारखं सोडून दिलं असतं. पण त्या साली सर माझ्या आक्काच्या घरी पोचले.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. ती वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत दिलेली. तिला थायरॉईडचा त्रास, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. ती गोळी मी नऊ वर्षं दर महिन्याला पाकिटात घालून वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं देत आलो. आक्का स्टँडवर येऊन पाकीट घ्यायची. आमच्याकडं सगळेच असं करतात. लोणचं, चष्मा, लग्नाची पत्रिका, सगळं कंडक्टरच्या हाती जातं, आणि आजवर माझं एकही पाकीट हरवलेलं नाही. गुडघे धरल्यापासून आक्का शेतात उतरत नव्हती. वजन कमी करा, असं तिला सरकारी दवाखान्यातही सांगितलं होतं. कसं, ते कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी सांगितलं.

आवणी उरकल्यावर वाडीतल्या सगळ्या बायकांचा काटा उतरला. घरी बसलेल्या आक्काचा चढला. पाटाभोवती बायका उभ्या होत्या म्हणे, आणि आक्काला भुई पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी जराही न अडखळता निदान केलं. "आक्का, तुमचं इष जुनं हाय. दोनाच्या चार करा." आक्कानं दोनाच्या चार केल्या.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाऊबीजेला गेलो तेव्हा कळलं. दारात आक्का आली आणि क्षणभर मी दुसऱ्याच कुणाला बघतोय असं वाटलं. चेहरा सुजलेला, पापण्या जड, आवाज घोगरा. भर दुपारी अंगावर शाल. तिनं मला पाटावर बसवलं, ताट हातात घेतलं, एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा ओवाळताना ताट अर्ध्यावर थांबलं. ती उभ्या उभ्या डुलकी घेत होती. निरांजन कलंडायच्या आत मी ताट धरलं. देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, निळ्या समुद्राची डबी होती.

त्याच संध्याकाळी जीप करून तिला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस गेले असते तर ही झोपेतून उठली नसती. थायरॉईडची गोळी पाच महिने पोटात गेलेली नाही, आणि वरून शेवाळातलं भरमसाट आयोडीन त्या दुखऱ्या ग्रंथीवर. हे कुणी सुचवलं, असं त्यांनी विचारलं. मी सरांचं नाव सांगितलं. आक्काला मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं, असं मला वाटलं.

आक्का वाचली. गोळी पुन्हा सुरू झाली, सूज उतरली, चेहरा पुन्हा आक्काचा झाला. होळीच्या सुमारास मी दुकानात मोबाईल बघत होतो. वसंत सरांच्या स्टेटसवर दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडं पाटावर उभी असलेली सुजलेली आक्का, उजवीकडं परवाच कुणाच्या तरी लग्नात दिसलेली, सूज उतरलेली आक्का. खाली लिहिलं होतं, समुद्राची कृपा. माझ्या बहिणीला दवाखान्याच्या खाटेवर पोचवून, दवाखान्यानं उतरवलेलं वजन हा इसम आपल्या डबीच्या नावावर चढवत होता. मी माणसं बरीच पाहिली, भामटेही पाहिले. इतका कोडगा माणूस दुसरा पाहिला नाही.

पुढच्या रविवारी भोरला एका मंगल कार्यालयात त्यांची सभा होती. पाट, काटा, पन्नासेक खुर्च्या, पुढं आंबवड्याहून आलेल्या दोन शिक्षिका. मी तसाच आत गेलो आणि उभ्यानं बोललो. आवणीचं गणित सांगितलं, भाऊबीजेचं ताट सांगितलं. शेवटी म्हणालो, या माणसानं माझ्या बहिणीची गोळी बंद केली. जीव घेत होता तिचा. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच जागच्या जागी विझलं.

"शेवाळ म्या दिलं," ते म्हणाले. "चार घ्या म्हनलो, त्ये बी म्याच. पन गोळी बंद कर म्हनून म्या सांगितलं न्हाई. आईची आन. आक्कांना इचारा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी सगळ्यांदेखत म्हणालो. त्यांनी काटा उचलला, शर्टाच्या बाहीनं पुसला, पिशवीत घातला आणि निघून गेले. पाट तिथंच राहिला. त्यानंतर भोरमध्ये त्यांचा धंदा चालला नाही. मी तो चालू दिला नाही, असं म्हटलं तरी चालेल. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट सांगायचो, आणि दर खेपेला सरांच्या तोंडी 'गोळी बंद करा' हे वाक्य अधिक ठसक्यात घालायचो. वर्षाच्या आत ते घाट उतरून मुलीकडं महाडला गेले. तिथं गाद्या विकतात म्हणे. पाठदुखीच्या.

गेल्या भाऊबीजेला आक्कानं मला दोन्ही वेळा नीट ओवाळलं. जेवून बसलो होतो. बोलता बोलता मी सरांचा विषय काढला आणि नेहमीची गोष्ट तिलाच ऐकवायला लागलो. ती सुपारी कातरत ऐकत होती. 'गोळी बंद करा' आलं तशी अडकित्ता थांबवून म्हणाली, "त्यो न्हाई म्हनला तसं."

मग कुणी म्हटलं, असं मी विचारलं.

"कुनी न्हाई. म्याच केली बंद." ती आत गेली आणि ट्रंकेतून माझी पाकिटं घेऊन आली. पाच पाकिटं, माझ्या अक्षरात तिचं नाव, एकही फोडलेलं नाही. "येकदा तुझ्या दुकानात आल्ते. तुला इचारलं, दत्ता, ही गोळी कसली रं? तू म्हनलास, आयोडीनची हाय. ह्यो बी म्हनला, शेवाळात आयोडीन हाय, झाडपाल्याचं. म्हनलं, येकाच दुखन्याला दोन दोन औशदं कशाला? उष्ण पडंल. आन ही पाकिटं तुला परत दिली की तुझी बी तेवढी तोशीस वाचंल."

मला तो दिवस आठवला. बाजाराचा दिवस, गल्ल्यासमोर गर्दी, कानाला फोन. थायरॉईड म्हणजे काय, ही गोळी कमी पडलेलं काय भरून काढते, ती एक दिवसही का चुकवायची नाही, हे आक्काला समजेल अशा शब्दांत सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी फोनवर हात ठेवून एक शब्द फेकला. तोही चुकीचा. त्या गोळीत आयोडीन औषध म्हणून नसतंच. हे मला माहीत होतं. ज्या माणसाला मी भामटा म्हणत होतो त्यानं निदान तिच्यासमोर पाट मांडला होता.

हे तू आधी का बोलली नाहीस, असं मी विचारलं. आक्कानं पाकिटं एकावर एक नीट रचली. "तू इचारलंस कधी?" ती म्हणाली. "समद्यांना सांगत सुटला व्हतास. चार लोकांत तुला खोटं कसं पाडू?"

वसंत सरांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. फोटो त्यांनीच लावला, चार कॅप्सूलही त्यांनीच दिल्या, आणि आवणीचा घाम त्यांनी दर वर्षी डबीत भरून विकला. तो माणूस फुकट्याच होता. पण ज्या एका गोष्टीपायी मी त्याला भोरमधून उठवलं, ती त्यानं केली नव्हती. ती मी केली होती. त्याची माफी मी मागितलेली नाही. महाडला जाऊन मागेन, असंही वाटत नाही. तेवढा मोठा मी नाही.

त्या महिन्यात आक्काचं पाकीट घेऊन नेहमीसारखा स्टँडवर गेलो. कंडक्टरनं सवयीनं हात पुढं केला. मी त्याच्या हातावर तिकिटाचे पैसे ठेवले आणि आत जाऊन बसलो. वेल्ह्याच्या स्टँडवर आक्का उभी होतीच. मला उतरताना बघून तिनं काळजीनं विचारलं, काय झालं, असा मधेच कसा आलास.

"काही नाही," मी म्हणालो. "गोळी कसली आहे ते सांगायला आलोय."