मासोळीचा ठसा

"आमचाच ठसा, न् आमीच चोर!" सुधाकरभाऊंनी नोटीस माझ्या टेबलावर आपटली.

भाऊंचा भंडाऱ्यात पितळी भांड्यांचा कारखाना. वडिलांच्या काळापासून प्रत्येक भांड्याच्या बुडाला मासोळीचा ठसा. गिऱ्हाईक ती मासोळी बघूनच भांडं घेतं. पूर्वी त्यांच्याकडूनच माल नेणाऱ्या एका परगावच्या व्यापाऱ्यानं ती आपल्या नावावर करायला अर्ज टाकला, आणि वर भाऊंनाच बजावलं, ठसा मारणं बंद करा.

"रजिस्ट्रेशन काहून नाही केलं?" मीही चिडले.

"घरच्या पोराले आपलं म्हनाले कागद लागते का, मॅडम?"

"लागतो. जन्मदाखला म्हणतात त्याला!"

तरी केस संपली नव्हती. ट्रेडमार्क म्हणजे माल कोणाचा ते सांगणारी खूण. नोंदणी नसली, तरी ती खूण आधीपासून वापरणाऱ्याला कायद्यात हक्क असतो. त्याला आम्ही वकील प्रायर यूज म्हणतो. फक्त तो वापर सिद्ध करावा लागतो. व्यापाऱ्याचा अर्ज सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला होता आणि हरकत घ्यायची मुदत अजून होती.

"जुनी बिलं?"

"बाबूजीचा धंदा सारा तोंडी."

"मग त्यांच्या काळातलं एखादं भांडं आणा."

भाऊ हळूच म्हणाले, "नाही जी. सारी मोडीत गेली."

मोड म्हणजे जुनं पितळ. गिऱ्हाईक ते देऊन, वरचे पैसे भरून नवं भांडं नेतं. जुनं जातं भट्टीत. म्हणजे भाऊंनी आपला पुरावा स्वतःच्याच हातानं वितळवला होता. मी कपाळावर हात मारला.

मग आठवलं. आपल्याकडे लग्नात भांडं देताना त्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून घेतात. बुडाला ठसा, काठाला तारीख! आम्ही दोघं घरोघर फिरलो. जिथं तिथं एकच उत्तर, मोडीत दिलं.

शेवटी जवळच्या कारधा गावात शेवंताबाई नावाच्या आजींकडे पाण्याचा पितळी गुंड दिसला. भाऊंना ओळखताच आजींनी तो पोटाशी धरला.

"मोडीत नाही देत जी. मायनं देल्ला हाये."

"मोडीत नको आजी, नुसता उलटा करून दाखवा."

बुडाला मासोळी. काठावर आजींच्या आईचं नाव आणि आजींच्या लग्नाची तारीख, त्या व्यापाऱ्याच्या धंद्याच्या कितीतरी आधीची. मी धडाधड फोटो काढत सुटले. भाऊ मात्र ठशावर बोट फिरवत खालीच बसले.

"बाबूजीच्या हातचा हाये हा. माह्या घरी एकबी नाही, मॅडम. सारे मीच वितळवले."

त्यांचे डोळे भरले.

ॲफिडेव्हिटला आजी आल्या त्या गुंड मांडीवर घेऊनच. तो माझ्याशिवाय घराबाहेर जात नाही, म्हणाल्या. समोरच्या वकिलानं शंका काढली, तारीख कालच कोरली असेल. पण आजींची बातमी गावात पसरली आणि आणखी घरांतून तशीच भांडी निघाली. आमची हरकत मान्य झाली, व्यापाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. मग भाऊंकडून मी आधी नोंदणीचा अर्ज भरून घेतला.

परवा त्यांच्या दुकानात गेले. फळीवर एक चेपलेला, काळा पडलेला गुंड, बुडाची मासोळी समोर. कोणीतरी मोडीत आणलेला.

"याचे पैसे देल्ले," भाऊ म्हणाले, "पन भट्टीत टाकाले हात नाही धजला."

नव्या क्लायंटला मी आता एवढंच सांगते. नोंदणी करा. आणि तोवर पुरावा वितळवू नका.