चौदाव्या भागात बुडालेला नावाडी

सोमवार, सकाळी अकरा. महाड, माझं घर. हजर: मी (मालिकेची संपादक), वनिता (पोलादपूरहून आलेली लेखिका) आणि फोनच्या स्पीकरवर प्रकाशनाचे साहेब. विषय एकच. चौदाव्या भागात बुडालेला दासगावचा नावाडी वनिताच्या बत्तिसाव्या भागात होडी वल्हवतोय.

आमची पुस्तकांची मालिका किशोरांसाठी आहे. कव्हरवर लेखकाचं एकच नाव असतं आणि तो माणूस अस्तित्वात नाही. लिहितात वेगवेगळे लोक. त्यांना घोस्टरायटर म्हणतात. कोणाचं वय काय, कोण कोणाचा भाऊ, कोण मेलं, हे सगळं मी एका रजिस्टरमध्ये ठेवते. पुढच्या लेखकाने जे खरं धरूनच लिहायचं, ते कॅनन.

वनिताला रजिस्टरच्या पानांचे फोटो पाठवले होते. तरी ही चूक. मला वाटलं, हिने वाचलंच नाही. दुसरी शंका जास्त वाईट होती: हिने भाग परस्पर कोणाकडून तरी लिहून घेतला. तसं मी साहेबांना कळवलंही होतं.

"मॅडम, भाग दुसऱ्याला देऊन टाका," साहेब म्हणाले. "आणि यापुढे यांचं नाव लेखकांच्या यादीत नको."

वनिता हसली. मला ते अधिकच खटकलं.

"या भागातला आंबेनळी घाटातला पाठलाग कोणी लिहिला?" मी विचारलं.

"मीच. वळणं मोजून दाखवू का, ताई?"

"आणि मेलेला माणूस?"

"तो मेला कधी?" तिने पिशवीतून चौदावा भाग काढला. "शेवटचं पान बघा. खाडीपलीकडून चालत येतो. दासगावचा माणूस हाय, एवढ्याशा पाण्यात बुडतोय?"

मी पान वाचलं. खरंच चालत येत होता.

मग मला माझं रजिस्टर आठवलं. महाडच्या पुरात माझ्याकडचे छापील भाग गेले, रजिस्टर भिजलं पण वाचलं. पानं खाटेवर वाळवून मी सगळं नव्याने उतरवलं. चौदाव्या भागाची दोन पानं चिकटली होती. ती न सोडवता मी आठवणीवरून लिहिलं: नावाडी बुडाला.

हे साहेबांना सांगितलं.

"पण सत्ताविसाव्यात त्याचं वर्षश्राद्ध आहे," साहेब म्हणाले. "तेही छापलंय. मग कॅनन कुठलं?"

"सत्ताविसावा माझ्या रजिस्टरवरून लिहिलाय. जे आधी छापलं, तेच खरं धरायचं."

"श्राद्धाला त्यालाच बोलवायचं राहिलं," वनिता म्हणाली.

ठरलं असं. चौदावा खरा. सत्ताविसाव्यातलं श्राद्ध पुढच्या आवृत्तीत नावाड्याच्या वडिलांचं होईल. बत्तिसावा भाग वनिताचाच आणि तिचं नाव यादीत कायम.

संशय घ्यायचाच तर आधी स्वतःच्या नोंदींवर घ्यावा, एवढं मी शिकले. आता अख्खं रजिस्टर छापील भागांशी ताडून पाहायचं आहे. प्रकाशनाकडेही जुने भाग नाहीत. पूर्ण संच फक्त वनिताकडे आहे. तिला फोन करून तो मागायचा अजून राहिला आहे.