सुलीचा वळसा

रस्त्यात ऐसपैस बसलेली म्हैस दिसली की मला आमच्या गावची सुली आठवते. अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या शर्यतीत ती तालुका, जिल्हा, राज्य करत देशात पहिली आली. ती गावी परतली त्या दिवशी पारावर मी पाहुण्यांना सांगत होतो, "अहो, लहानपणी ही बसलेली म्हैस एका उडीत पार करायची. ओढ्यावरून उडाली की बेडकं टाळ्या वाजवायची!"

तेवढ्यात खुद्द सुलीच आली, गळ्यात पदक घालून. आणि वाटेत मधोमध तिच्याच घरची म्हैस रवंथ करत बसलेली. पाहुणे टक लावून बघायला लागले. माझी जन्माची पत त्या एका उडीवर टांगलेली.

"मार गं उडी!" मी ओरडलो.

सुलीने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती बाजूच्या चिखलातून गेली. "गाभण आहे ती, काका. तिला ओलांडायचं नसतं."

पाहुणे खो-खो हसले. माझी मात्र छाती फुगली. देशभरचे अडथळे ओलांडून आलेली पोरगी घरच्या म्हशीसाठी नवे बूट चिखलात घालते, हे कुठल्या पदकात मावणार?

हल्ली मी उडी सांगतच नाही, तो वळसाच सांगतो. एवढा मोठा वळसा, की सुली शेजारच्या तालुक्यातून फिरून आली.